पाटी क्रमांक सातमधला गवा

मंगळवारी सकाळी पाटी क्रमांक सातमधला गवा पाटीत नव्हता.

कृष्णात टिपुगडेनं ओलं फडकं वर नेलं तेव्हा ही गोष्ट त्याच्या लक्षात आली. लाल काठ जागेवर होता, तिन्ही कोपरे जागेवर होते, खालचा लोखंडी खांब जागेवर होता. मधला काळा गवा तेवढा गेला होता. रंग उडालेला नव्हता, पत्रा खरवडलेला नव्हता. बैठकीतून माणूस उठून गेल्यावर मागं सतरंजी राहते, तसा तो पांढरा पत्रा राहिला होता. कृष्णातनं रिकामी पाटी रोजच्यासारखी पुसून काढली. पाटी पुसावी, असा आदेश होता. आत गवा असल्यास पुसावी, असं त्यात कुठं म्हटलं नव्हतं.

कृष्णात बांधकाम खात्यात मैलकुली होता. घाटरस्त्याचे एकतीस ते पस्तीस हे चार किलोमीटर त्याचे. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, गटारं मोकळी ठेवायची आणि किलोमीटरचे दगड रंगवायचे. आणखी एक काम होतं, पण ते कुठल्याच आदेशात नव्हतं. गाडीनं उडवलेलं जनावर बाजूला ओढायचं. ससा, साळिंदर, भेकर असलं तर ते एकट्याला जमतं. गवा ओढता येत नाही. जेसीबी येईपर्यंत नुसतं त्याच्याजवळ बसावं लागतं. गेल्या वर्षी या चार किलोमीटरांत तीन गवे मेले. तिसऱ्याजवळ कृष्णात नऊ तास बसला होता. तेव्हापासून त्याला जगात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे चौथा नको.

म्हणून त्यानं शाखा अभियंता पोतनीससाहेबांना फोन लावला.

"साहेब, सात नंबरच्या पाटीतला गवा गेला."

"गेला म्हणजे? चोरीला?"

"न्हाई साहेब. पाटी हाय. गवाच तेवढा गेलाय."

 साहेबांनी नोकरीत बावीस वर्षं साथ दिलेला प्रश्न विचारला, "लेखी काही देऊन गेलाय का?"

"न्हाई."

"मग गेला असं धरता येत नाही. हे बघ टिपुगडे, शुक्रवारी समिती येतेय. रस्त्यावरची जनावरं का मरतात, ते बघायला. त्यांना पाटी भरलेली दिसली पाहिजे. मोकळी दिसली तर तू घाटात राहणार नाहीस, तुला डांबराच्या पिंपांवर राखणीला बसवीन. कळलं?"

कृष्णातला कळलं. डांबराच्या पिंपांवर बसायला त्याची ना नव्हती, पण मग या चार किलोमीटरांत गव्यांजवळ कोण बसणार, हा प्रश्न होता.

गवा त्याला त्याच दिवशी संध्याकाळी सापडला. शोधावा लागलाच नाही. कृष्णातचं घर तेहतिसाव्या किलोमीटरला, कासारओढ्याच्या वळणाशी होतं. तो घरी निघाला, तर वळणावर, रस्त्याच्या मधोमध, गवा आडवा उभा होता. तो पाटीतलाच होता, यात शंका नव्हती. एक तर तो पत्र्याइतका जाड होता. कृष्णात बाजूबाजूनं पुढं सरकला तसा तो बारीक होत गेला, आणि त्याच्या नाकासमोर आल्यावर तर त्याची एक काळी रेघ उरली. दुसरं म्हणजे त्याला गुडघ्याखाली पाय नव्हते. गव्याच्या पायांत पांढरे मोजे असतात. पेंटरनं पांढऱ्या पत्र्यावर पुन्हा पांढरा रंग कशाला वाया घालवायचा म्हणून ते तसेच सोडून दिले होते. त्यामुळं गवा डांबरापासून हातभर वर तरंगत होता. तरी तो हलला की खुरांचा आवाज व्यवस्थित येत होता.

"हितं काय करतोयस?" कृष्णातनं विचारलं.

"काम," गवा म्हणाला. तो शुद्ध बोलायचा. सरकारी पाटीतला होता.

"तुझी पाटी तिकडं हाय. हिंदुरावच्या हॉटेलापाशी."

"तिकडे गवे नाहीत."

"पण पाटी तिकडं हाय."

"गवे इकडे आहेत," गवा म्हणाला.

ही गोष्ट कृष्णातइतकी कुणालाच माहीत नव्हती. कळप याच वळणावर रस्ता ओलांडायचा. वर रान, खाली ओढा, ओढ्याच्या काठाला खारट माती. रस्ता होण्याआधी शेदोनशे वर्षं गवे याच वाटेनं चाटणीला उतरत असणार. दिवस मावळायला आला की म्हातारी गाय पुढं, बाकीचे मागं. तीन वर्षांपूर्वी पाट्या आल्या, तेव्हा सात नंबर इथंच पुरायची ठरली होती. गड्यांनी पहार मारली. खाली जांभा. पहार ठणकन वाजली आणि गड्याचे दात हलले. त्यातून पाटी पुरल्याचा फोटो त्याच दिवशी वर पाठवायचा होता. मग कुणीतरी म्हणालं, हिंदुरावच्या हॉटेलासमोर माती मऊ आहे, शिवाय चहा आहे. पाटी तिथं पुरली. फोटो झकास आला. गव्यांना कळवायचं मात्र राहून गेलं.

"शुक्रवारी समिती येणार हाय," कृष्णात अजिजीनं म्हणाला. "तेवढा एक दिस ये की लगा पाटीत."

"वासरू झालं आहे," गवा म्हणाला. "परवा. शुक्रवारी ते पहिल्यांदा खाली उतरेल."

कृष्णातनं वरच्या दरडीकडं पाहिलं. कारवीच्या झुडपांआड म्हातारी गाय उभी होती आणि तिच्या पोटाखाली तांबूस रंगाचं काहीतरी लटपटत होतं. त्याला अजून मोजे आले नव्हते. ते मागाहून येतात.

"तू पाटीतनं बाहीर कसा आलास?" त्यानं विचारलं.

"आत जायला काही लागत नाही," गवा म्हणाला. "बाहेर यायला कारण लागतं."

बुधवारी भाजीचा टेम्पो गव्याला धडकला. कृष्णात धावत गेला. गवा पोटात दुमडून, बंद केलेल्या पुस्तकासारखा गटारात पडला होता. टेम्पोवाला खाली उतरून बंपर बघत होता.

"ब्रेक का मारला न्हाईस?" कृष्णात ओरडला.

"मामा, मला वाटलं पाटी हाय. पाटीला कोण ब्रेक मारतंय?"

"आणि गेल्या साली तूच खरा गवा उडवलावतास, तवा?"

टेम्पोवाल्यानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "तवाबी मला पाटीच वाटली," तो म्हणाला, आणि कोथिंबीर सुकते आहे म्हणून निघून गेला.

कृष्णातनं गव्याला घरी आणलं, पाटा उलटा घातला आणि लाकडी हातोड्यानं ठोकून ठोकून सरळ केलं. त्याची बायको हौसा दारात उभी राहून बघत होती.

"माझी परात चार म्हयनं झालं चेपलीया," ती म्हणाली. "तिला न्हाई कधी हातोडा लावला."

"आगं, ह्यो सरकारी हाय."

"मग सरकार ठोकंल की."

 गव्याच्या पोटावर एक आडवी घडी राहिली, ती निघाली नाही. उठल्यावर त्यानं हौसाकडे बघून मान हलवली आणि तो पुन्हा वळणावर जाऊन उभा राहिला.

"शुक्रवारी काय करणार?" हौसानं विचारलं.

कृष्णातनं त्यावर सगळा गुरुवार विचार केला. पाटी भरलेली दिसली पाहिजे, असं साहेब म्हणाले होते. कशानं भरलेली, ते म्हणाले नव्हते.

शुक्रवारी सकाळी दोघं हिंदुरावच्या हॉटेलासमोर गेले. हौसानं शिडी धरली. कृष्णातनं चपला खाली काढल्या, पाटीत एक पाय टाकला, मग दुसरा. खरंच काही लागलं नाही. आत एनॅमलचा वास होता, आणि बाहेरून वाटतं त्यापेक्षा जागा बरीच होती, फक्त वर निमुळती होत गेल्यामुळं मान खाली घालून उभं राहावं लागत होतं. त्याची कृष्णातला सवय होती.

"गुडघं वाकवा जरा," खालून हौसा म्हणाली. "कोपर काठाला लागतंय. हां. आता गप ऱ्हावा."

"कसा दिसतोय?"

हौसा रस्ता ओलांडून पलीकडं गेली आणि तिथून तिनं नीट बघितलं. तो काळा झाला होता, डोक्यापासून पायापर्यंत एकसारखा, टोपीसकट. मग ती बाजूनं बघून आली. "बाजूनं दिसतच न्हाई," ती म्हणाली. "घरात तरी कुठं दिसता म्हणा," आणि शिडी हॉटेलाच्या भिंतीला लावून गेली.

चहाचं आधण ठेवताठेवता हिंदुरावनं वर पाहिलं. "राम राम, कृष्णात. बदली झाली व्हय?"

"तात्पुरती," पाटीतून कृष्णात म्हणाला.

आणि मग या रस्त्यावर कधी घडलं नव्हतं ते घडलं. गाड्या हळू व्हायला लागल्या. तीन वर्षं त्या पाटीत गवा उभा होता, तेव्हा कुणी पायसुद्धा उचलला नव्हता. पण पाटीत एक माणूस उभा आहे म्हटल्यावर प्रत्येक गाडीचा ब्रेक कचकन दाबला जाई, काच खाली येई, आणि आतून एक डोकं बाहेर येई.

"काय झालं, मामा?"

"पुढं गवं हाईत. दोन किलोमीटरवर. वढ्याच्या वळणावर सावकाश जावा."

"बरं बरं. फोटो काढू का?"

एका वऱ्हाडानं खाली उतरून पाटीसकट फोटो काढला. नवऱ्या मुलानं कृष्णातच्या पायाशी नारळ ठेवला. एसटीच्या ड्रायव्हरनं पंचवीस वर्षांत पहिल्यांदा दुसरा गिअर टाकला, आणि मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या गाव आलं समजून उठून उभ्या राहिल्या.

दुपारी चारला समिती आली. जीपमध्ये पुढं अध्यक्ष, मधे वन्यजीवांच्या तज्ज्ञ बाई आणि मागं पोतनीससाहेब. साहेबांनी पाटीकडं पाहिलं. भरलेली होती. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्यापलीकडं काही पाहायचं नाही असं ठरवलं.

अध्यक्षांनी मात्र चष्मा लावला. "हा गवा असा का दिसतो?"

"स्थानिक आहे सर," पोतनीस म्हणाले.

"दोन पायांवर आहे."

"चढ आहे ना, सर. घाट."

"आणि टोपी?"

"ऊन," पोतनीस म्हणाले.

तज्ज्ञ बाई जवळ आल्या. त्या खूप शिकलेल्या होत्या, आणि खरंच शिकलेल्या होत्या, कारण त्यांनी वर पाहून थेट विचारलं, "तुम्ही कोण?"

"मैलकुली, बाई."

"कळप इथून उतरतो?"

"न्हाई बाई, दोन किलोमीटर पुढनं उतरतो. ही पाटी तिथं पायजे. इथं नुसता चहा हाय."

बाई अध्यक्षांकडं वळल्या. "सर, हे म्हणतायत की पाटी चुकीच्या जागी आहे. कळप रोज एकाच ठिकाणी ओलांडतो, आणि तो बरोबर अंधार पडायच्या आत ओलांडतो. पाटी तिथंच हवी, आणि वेग तिथंच कमी व्हायला हवा."

"आकृतीचं मत आपण विचारात घेऊ," अध्यक्ष म्हणाले, "पण आधी मोजमाप."

मोजमाप झालं. पिस्तुलासारखं एक यंत्र गाड्यांवर रोखून धरण्यात आलं. पूर्वी ज्या पाटीवरून गाड्या सत्तरनं जात होत्या, तिथून त्या आता पंधरानं जात होत्या. समितीच्या तोंडचं पाणी पळालं, मग परत आलं. असा निकाल देशात कुठं लागल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. अध्यक्षांनी जागेवरच ठराव सांगितला, की ही पाटी आदर्श आहे आणि तिच्या आकृतीत यापुढं कोणताही बदल करू नये. शिपायानं पाटीच्या मागच्या बाजूवर शिक्का मारला. 'तपासले.' तो कृष्णातला पाठीत, दोन खांद्यांच्या मधे लागला. थंडगार होता.

मग समिती हॉटेलात शिरली, आणि हिंदुरावनं कांदाभजी टाकली.

हौसा डबा घेऊन आली तेव्हा ऊन कलत होतं. तिनं भाकरीचा तुकडा वर केला. तो पाटीत गेल्यावर काळा आणि चपटा झाला, पण चवीत फरक पडला नाही.

"तुमी हितं देव होऊन बसलाय," ती म्हणाली, "आणि तिकडं वळणावर काय चाललंय ठावं हाय का? गाड्या कालच्यापरीस जोरात हाईत. एक तर माझ्या डब्याला चाटून गेली."

"आसं कसं? हितं तर मी सगळ्यांला हळू करतोय."

"हितं हळू करताय. म्हणून पुढं येळ भरून काढत्यात."

कृष्णातनं कान दिला. हॉटेल मागं पडलं, की प्रत्येक गाडीचा आवाज खरोखरच चढत जाई, पहिला गिअर, दुसरा, तिसरा, चौथा, आणि चौथा पडायचा तो बरोबर दोन किलोमीटरवर. सकाळपासून प्रत्येक गाडी त्यानं इथं अडवली होती आणि तिथं सोडली होती. तो हातात भाकरी धरून तसाच उभा राहिला.

"हौसा, शिडी लाव."

तिनं शिडी लावली. त्यानं पाय बाहेर टाकला. पाय बाहेर आला नाही. त्यानं दुसरा टाकून पाहिला. बाहेर यायला कारण लागतं, असं गवा म्हणाला होता, आणि कारण तर एवढं मोठं होतं की छातीत मावत नव्हतं. पण पाठीवर शिक्का होता. तपासलेल्या वस्तूत बदल होत नाही, हे तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्याला कुणी सांगायला नको होतं.

"मी निघत न्हाई," तो म्हणाला.

 हौसानं पदर खोचला, खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि वर ओढला. खांब सुळकन निघाला. माती मऊ होती. मऊ होती म्हणून तर पाटी तिथं होती.

"आता चाला," ती म्हणाली.

समितीची पाठ रस्त्याकडं होती आणि भज्यांची दुसरी ताटली आली होती. हिंदुरावनं सगळं पाहिलं, पण झारा हातात असताना तो कुणाशी बोलत नसे. हौसानं खांब खांद्यावर घेतला आणि दोघं चढाला लागले, ती खाली, तो वर, त्रिकोणात मान घालून. वळणावळणाला वारा पाटीत भरायचा आणि कृष्णात शिडासारखा फुगायचा, मग हौसा शिव्या देत त्याला दरडीच्या आडोशाला धरायची. बत्तिसावा दगड गेला. तो त्यानं गेल्याच महिन्यात रंगवला होता. वरून कधी पाहिला नव्हता. रंग एका बाजूला कमी पडला होता.

"लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा माझ्या खांद्यावर बसलाय," हौसा धापा टाकत म्हणाली. "जड न्हाईसा. पत्र्याचं हायसा."

"लवकर चल गं."

वळणावर पोचले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. गवा रस्त्यावर आडवा उभा होता. बुधवारच्या घडीवर आता गुरुवारची आणि शुक्रवारची अशा आणखी दोन पडल्या होत्या, आणि त्याचं एक शिंग मागच्या बाजूला वळलं होतं. दरडीवर कारवी हलली. म्हातारी गाय बाहेर आली, हुंगली, थांबली. तिच्यामागं कळपातले सगळे दहा. तिच्या पोटाखाली वासरू.

"रोव," कृष्णात म्हणाला.

हौसानं खांब आपटला. ठण्ण. जांभा. तिनं पुन्हा आपटला. ठण्ण. खांब रुतेना. शेवटी तिनं तो नुसताच कडेला उभा धरला आणि त्याला खांदा देऊन टेकून राहिली.

खालून गाडीचा आवाज आला. पहिला, दुसरा. कृष्णातनं आवाज ओळखला. ती अध्यक्षांची जीप होती. वरच्या विश्रामगृहावर जेवण सांगितलेलं होतं आणि हॉटेलासमोर पाटी नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तपासलेल्या पाटीकडं पुन्हा कोण बघणार? आवाज तिसऱ्यात गेला.

"एकटी पाटी पाहून ते थांबत नाहीत," गवा म्हणाला. "एकटा गवा पाहूनही थांबत नाहीत." तो हातभर वरून, न दिसणाऱ्या खुरांचा आवाज करत पाटीपाशी आला. "जरा सरक."

कृष्णात कोपऱ्याला सरकला. गवा आत आला, आपल्या जुन्या जागी, आणि घड्यांमुळं तो अगदी बेताचा बसला. त्याचं वळलेलं शिंग कृष्णातच्या टोपीला लागलं. आता पाटीत एक माणूस होता आणि एक गवा होता, दोघं खांद्याला खांदा लावून, आणि खाली खांब धरून एक बाई होती.

"मान वर करा," हौसा म्हणाली. "ह्यांला दिसाय पायजे."

जीप चौथ्या गिअरमध्ये वळण घेऊन समोर आली. काचेआड अध्यक्षांनी पाटीवर काहीतरी निराळं पाहिलं. ते पुढं वाकले, डोळे बारीक केले आणि दोन्ही हातांनी खिशांतून चष्मा शोधायला लागले. त्यांच्या मागून तज्ज्ञ बाई ड्रायव्हरच्या खांद्यावर हात मारत काहीतरी ओरडत होत्या, आणि ड्रायव्हर काय म्हणालात म्हणून मान वळवून मागं बघत होता.

वासरानं आपला बिनमोज्याचा पाय उचलला आणि डांबरावर ठेवला.